४००६०१ : ठाण्याचा पिनकोड मूळ संख्या निघाला (आणि वाशीचाही)

मोजूनमापून (ठाणे पश्चिम)

ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४००६०१. चार लाख सहाशे एक. कुठे ना कुठे रोज लिहितो आपण, पण संख्या म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. बघितलं तर बराच माल आहे.

ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. खात्री करायला मोठं यंत्र लागत नाही. वर्गमूळ ६३२.९ च्या आसपास येतं, म्हणजे ६३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या ११५ आहेत. एकीनेही निःशेष भाग जात नाही. मध्ये मध्ये जीव वरखाली होतो म्हणा : ३७ ने भागलं की बाकी २, ४०१ ने भागलं तरी बाकी २, आणि ३७३ ने भागलं की बाकी ३७२. एकाने हुकलं!

त्या हुकलेल्या एकाचा फायदा शेजारच्या नौपाड्याला झालाय. ४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३. रुळांपलीकडे कोपरी, ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. आणि अलीकडचा ४००५९९ म्हणजे ४०१ × ९९९. दोनाच्या अंतरावर दोन्ही बाजूंना मूळ संख्या नाही, म्हणजे ४००६०१ ही जुळ्यांतली नव्हे. एकटीच आहे बिचारी. तशी ४ अलीकडे ४००५९७ आणि ६ पलीकडे ४००६०७ या दोन्ही मूळ आहेत, पण त्याला जुळं म्हणत नाहीत.

अजून एक. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि एकाच प्रकारे :

३५५² + ५२४² = १२६०२५ + २७४५७६ = ४००६०१

(३५५ बघून ज्यांना ३५५/११३ आणि पाय (π) आठवला त्यांना एक कटिंग माझ्याकडून.)

आणखी काय काय निघतं हिच्यातून? जाणकारांनी भर घालावी.

खाडीपलीकडची (वाशी)

ठाणेकरांनी फार हुरळून जाऊ नये. वाशी ४००७०३. हीसुद्धा मूळच आहे. नवी मुंबईला कमी समजायचं काम नाही. 😄

घोडबंदर_त्रस्त

आमच्या भागाचा ४००६०७ पण मूळ आहे हे वर ओझरतं आलंय, ते ठळक करावं ही विनंती. एवढ्या ट्रॅफिकमध्ये राहतो, एवढं तरी मिळू दे.

मोजूनमापून

@खाडीपलीकडची, तपासलं. ४००७०३ मूळ आहे, मान्य. पण दोन वर्गांची बेरीज करून दाखवा बरं? जन्मात जमणार नाही. 😏

खाडीपलीकडची

का हो? मी ६३३ चा वर्ग घेऊन बघितला, ४००६८९ येतो. उरतात १४. तसं जवळ आलंय की.

मोजूनमापून

जवळ येऊन उपयोग नाही, कारण अडथळा सुरुवातीलाच आहे. कुठल्याही सम संख्येचा वर्ग ४ ने निःशेष भागला जातो. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी नेहमी १. मग दोन वर्गांच्या बेरजेला ४ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ यांपैकीच काहीतरी उरणार. ३ कधीच नाही. आणि ४००७०३ ला ४ ने भागा : बाकी ३. विषय संपला.

ही झाली सोपी बाजू. उलट बाजू, म्हणजे बाकी १ असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत फुटतेच, ही अवघड. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या नाताळात मर्सेनला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं, सिद्धता काही दिली नाही (सवयच होती त्याची). ती द्यायला पुढे शंभरेक वर्षांनी ऑयलर यावा लागला.

तर मूळ संख्यांमध्येही दोन घराणी आहेत. ठाणे एका घराण्यातलं, वाशी दुसऱ्या. घोडबंदरवाले, तुमच्या ४००६०७ ला पण बाकी ३. तुम्ही वाशीच्या पंगतीत.

घोडबंदर_त्रस्त

पालिका ठाण्याची, पंगत वाशीची. नेहमीचंच आहे.

कोड_बिड (ऐरोली)

११५ वेळा कोण भागत बसतंय? मोठ्या संख्यांसाठी फर्माचीच कसोटी वापरतात. n मूळ असेल, तर ज्या a ला n ने भाग जात नाही अशा कुठल्याही a चा (n − १) वा घात घेऊन n ने भागला की बाकी १ उरते. २ चा घात घ्या, बघा, झालं काम.

निर्धास्त

झालं काम नाही. ५६१ घ्या. ५६१ = ३ × ११ × १७, स्वच्छ संयुक्त संख्या, तरी ही कसोटी बिनधास्त पास होते. ३, ११, १७ यांचा स्पर्श नसलेला कुठलाही a घेतला तरी. १७२९ पण तसलीच (७ × १३ × १९). बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, पण आली म्हणून नक्की मूळ असं म्हणता येत नाही. कसोटीत काढून टाकायची ताकद आहे, निवडायची नाही.

शंभर टक्के खात्री आणि तीही झटपट, म्हणजे अंकांची संख्या वाढली तरी काम आवाक्याबाहेर जाऊ न देणारी रीत, ही २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते बीटेक झालेले. पण सहा अंकी पिनकोडासाठी ती वापरणं म्हणजे डास मारायला तोफ. इथे ११५ भागाकारच बरे.

कोड_बिड

दंडवत घ्या.

माजी_गणितशिक्षक (डोंबिवली)

धागा ठाण्याचा आहे आणि अजून कापरेकरांचं नाव निघालं नाही, हे काही बरं नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यात झालं. मग पुण्याला फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. त्यानंतर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी नाकं मुरडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. आमच्या डोंबिवली स्थानकावरून त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेमलो' नाव दिलं. १२१, १२३२१, १२३४३२१ त्यातल्याच.

आता त्यांच्या चष्म्यातून ठाण्याचे पिनकोड बघू.

हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी. ४००६०१ ची बेरीज ११, भाग जात नाही. जाणारच नाही, मूळ आहे ना. पण कळवा ४००६०५ घ्या. बेरीज १५, आणि ४००६०५ ÷ १५ = २६७०७. हर्षद! बाळकूम ४००६०८, बेरीज १८, भागाकार २२२५६. तीही हर्षद.

आता माझी आवडती. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या येते. ४००५८२ ची बेरीज १९, मिळवली की ४००६०१. म्हणजे ठाण्याची 'जननी' ४००५८२. वाशीची ४००६७८, कारण तिची बेरीज २५ आणि ४००६७८ + २५ = ४००७०३. ज्या संख्येला अशी जननीच नाही, तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. देवळाली संख्या असंही नाव आहे.

मी ४००६०१ ते ४००६०८ सगळ्या तपासल्या. त्यात स्वयंभू एकच : ४००६०६, पोखरण रोडवरचं जेकेग्राम.

कसं ते दाखवतो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागलं की बाकी सारखीच येते. म्हणजे जननी + बेरीज याची बाकी जननीच्या बाकीच्या दुप्पट. ४००६०६ ची बाकी ७, म्हणून जननीची बाकी ८ असायला हवी (दुप्पट १६, बाकी ७). अशा उमेदवार संख्या मागे जाताना तीनच : ४००५९८, ४००५८९, ४००५८०. त्यांच्या अंकांच्या बेरजा २६, २६, १७. हव्या होत्या ८, १७, २६. एकही जुळत नाही. त्याहून मागे जाण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या अंकांची बेरीज २७ च्या वर जातच नाही. जेकेग्रामला आईबाप नाहीत.

घोडबंदर_त्रस्त

मास्तर, __/\__

पोखरण रोडवाल्यांना आता आवरा कोणीतरी.

खाडीपलीकडची

सर, नवी मुंबईत स्वयंभू कोण?

माजी_गणितशिक्षक

वाशी, सानपाडा (४००७०५), नेरूळ (४००७०६), ऐरोली (४००७०८), कोपरखैरणे (४००७०९) या सगळ्यांना जननी आहे. मध्ये ४००७०७ मात्र स्वयंभू. तो न्हावा-शेवा बंदराचा. तुमच्या कंटेनरवाल्यांचा.

आणि वाशीला दुसरा मान आहे. पिनकोडचे शेवटचे तीन अंक ७०३. त्याचा वर्ग ४९४२०९. मधोमध तोडा : ४९४ + २०९ = ७०३. ही कापरेकर संख्या. ४५ ची पण तशीच, २०२५ आणि २० + २५.

नाहीच_पटत

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. मूळ असणं, दोन वर्गांत फुटणं, हे गुण संख्येचे आहेत. हर्षद, स्वयंभू, कापरेकर हे सगळे दहाच्या पायात, म्हणजे ० ते ९ या दहा अंकांनी, लिहिण्याचे गुण आहेत. हाताला दहा बोटं आहेत म्हणून. ४००६०५ सोळाच्या पायात लिहा. अंक येतात ६, १, १२, १३, १३. बेरीज ४५. ४००६०५ ला ४५ ने भाग जात नाही. कळव्याचा हर्ष गेला. ४००६०१ मात्र कुठल्याही पायात लिहा, मूळ ती मूळच. अंकांचे खेळ मजेचे आहेत, पण दोन्ही एकाच ताटात वाढू नका.

मोजूनमापून

संख्येपुरतं तुमचं बरोबर आहे. पण इथे संख्या पिनकोड आहे, आणि पिनकोडला दहाचा पाय जन्मापासून आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आणली, तेव्हा प्रत्येक अंकाला त्याच्या जागेप्रमाणे काम दिलं. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे वाटपाचं टपाल कार्यालय. सोळाच्या पायात लिहिलात तर पत्र जाईल का ठाण्याला?

नाहीच_पटत

मग उलट तुमचा मूळपणाच बाद झाला की! पिनकोड अंकांची ओळ असेल, तर त्याचा गुणाकार-भागाकार करण्यात काय अर्थ? नौपाडा म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले एकशे एकोणऐंशी वगैरे, याने कोणतं पत्र लवकर पोचतं? कापरेकरांची बाजू तुम्ही वाचवलीत, पण धाग्याचं शीर्षक बुडवलंत.

मोजूनमापून

हे बरं सापडलात. 🙂 विचार करतो. शीर्षक बदलणार नाही मात्र.

बाळकूमकर

भांडा तुम्ही. मी आमच्या ४००६०८ चे अवयव पाडले : २ चा पाचवा घात × ३² × १३ × १०७. एकूण विभाजक ७२! शेजारच्या ४००६०७ ला दोनच, १ आणि स्वतः. एका अंकाचा फरक, आणि एकीकडे रिकामं घर, दुसरीकडे एकत्र कुटुंब.

निर्धास्त

७२ म्हणजे भलतंच. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर ८३७७२० येते. मूळ संख्येच्या (म्हणजे ४००६०८ च्या, गोंधळ नको) दुपटीहून जास्त. अशी बेरीज स्वतःहून मोठी झाली की संख्येला अबंडंट म्हणतात. नौपाड्याचा ४००६०२ पण अबंडंट आहे, पण काठावर पास : बेरीज ४०७२३८. कोपरी ४००६०३ ची बेरीज फक्त ६१४७७, ती डेफिशियंट. बेरीज बरोबर संख्येएवढी आली तर परिपूर्ण, पण त्या फार दुर्मीळ. ८१२८ च्या पुढची थेट ३३५५०३३६. कुठल्याच पिनकोडाच्या नशिबात नाही ते.

कोड_बिड (ऐरोली)

हॅपी नंबर कोणी बघितले का? अंकांच्या वर्गांची बेरीज करत जायचं. शेवटी १ आला तर हॅपी, नाहीतर ८९, १४५ वगैरेंच्या फेऱ्यात कायमचं अडकायचं. ठाण्याचा ४००६०१ : १६ + ३६ + १ = ५३, मग ३४, २५, २९, ८५, ८९. संपलं.

६०१ ते ६०८ सगळे चालवून बघितले. आनंदी एकच आहे. वागळे इस्टेट. 😂 ४००६०४ : ६८, १००, १.

आणि खाडीपलीकडे आमची ऐरोली. ४००७०८ : १२९, ८६, १००, १. वाशी दुःखी.

खाडीपलीकडची

हे मात्र दहाच्या पायातलं. मी @नाहीच_पटत यांच्या बाजूने आहे आता.

माजी_गणितशिक्षक

६१७४ सगळ्यांना माहीत असेल. चार अंकी संख्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसले की शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. १९४९ चा हा शोध. सहा अंकांत एवढं सरळ नाही. तिथे थांबण्याच्या जागा दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४. शिवाय सात संख्यांचं एक चक्र आहे, त्यात शिरलं की बाहेर पडणं नाही.

ठाणे चालवून बघतो. ४००६०१ चे अंक उतरते ६४१०००, चढते ०००१४६. वजाबाकी ६४०८५४. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. इथून चक्र सुरू : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, पुन्हा ४२०८७६.

वाशी : ७४२६५३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. वळसा मोठा घेतला, पण त्याच चक्रात.

घोडबंदर : ७६३५३३, ४३१७६६, ६३१७६४. थांबलं. तीन पावलांत!

घोडबंदर_त्रस्त

घोडबंदरवरून तीन पावलांत कुठेतरी पोचल्याची ही पहिलीच वेळ.

निर्धास्त

😂😂 धागा वसूल.

एक छोटीशी भर. उलटी वाचली तरी मूळच राहते अशा मूळ संख्यांना एमर्प म्हणतात, जसं १३ आणि ३१. आपल्या विभागातला एकही पिनकोड त्यात बसणार नाही. सगळे ४ ने सुरू होतात, म्हणून उलटले की ४ ने संपतात, म्हणजे सम. महाराष्ट्र, गोवा, सगळे बाद.

आणि ठाण्यात दोन-तीन मूळ पिनकोड सापडले याचं फार अप्रूप नको. चार लाखांच्या आसपास सरासरी दर तेरा संख्यांत एक मूळ असतेच. ४००६०१ आणि ४००६०७ सहाच्या अंतराने आल्या, एवढंच जरा दाटीवाटीचं.

नवीन_खारघरकर

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. खारघरच्या ४१०२१० बद्दल कोणी काही बोललंच नाही. शेवटी शून्य आहे म्हणून वगळलं का?

बाळकूमकर

स्वागत आहे! शून्यावर जाऊ नका. ४१०२१० = २ × ५ × १७ × १९ × १२७. पाच वेगवेगळ्या मूळ संख्या, एकही दोनदा नाही. विभाजक ३२. या धाग्यावर आत्तापर्यंत पाच जण एकत्र कोणाकडेच आले नव्हते.

माजी_गणितशिक्षक

जननी ४१०१८८. वजाबाकीचा खेळही करून टाकला : ४१९९७६, ८५०८४२, ८६०८३२. तिसऱ्याच पावलाला ठाणे-वाशीच्या चक्रात दाखल. हर्षद नाही, बेरीज ८ आणि ८ ने भागलं की बाकी २.

नवीन_खारघरकर

आणि आनंदी?

कोड_बिड (ऐरोली)

२२, ८, ६४, ५२, २९, ८५, ८९. नाही. वागळेला या राहायला.